कानाला लागलेला हात

तिसगावच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी माझा उजवा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघितला. हात कानाला लागला की मूल सहा वर्षांचं, असा तेव्हाचा हिशोब. मी होते चार वर्षांची, पण माझे हात जन्माचे लांब. गुरुजींनी सहा वर्षं धरली, सगळ्यांना देत तशी एक जून ही जन्मतारीख दिली, वडिलांनी वर्गात खडीसाखर वाटली आणि आम्ही घरी आलो.

पुढे लग्न, मुलगी, नवऱ्याचं आजारपण आणि जाणं, हे सगळं निस्तरता निस्तरता मी मानसशास्त्रात एम.ए. केलं. नगरच्या एका दवाखान्यात समुपदेशकाची नोकरी लागली. मुलगी बंगळुरूला गेली. दोन खोल्यांत मी एकटी, टीव्ही फक्त आवाजापुरता चालू. क्लिनिकल सायकॉलॉजीतल्या पीएच.डी.चा अर्ज भरला तो अभ्यासाच्या ओढीनंच. पण आपली कुठेतरी एक खुर्ची असावी, आपण नाही आलो तर कुणी विचारावं, हेही मनात होतं.

मुलाखत पुण्यात झाली. समोरच्या बाई माझ्याहून बऱ्याच लहान. अर्ज चाळत त्या म्हणाल्या, "एक्कावन्न. पूर्ण होईपर्यंत तुम्ही निवृत्तीला आलेल्या असाल. मग ही जागा एखाद्या तरुण उमेदवाराला का देऊ नये?"

इतक्या वर्षांत पेशंटांकडून काय शिकले, ते सांगायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "मॅडम, मी खरी एकोणपन्नासची आहे." एवढ्यावर न थांबता मी डोक्यावरून हात नेऊन कानाला लावूनही दाखवला. बाईंच्या शेजारी बसलेला एक जण हसला. बाईंनी विचारलं, "म्हणजे दाखला खोटा आहे?" मी हात खाली घेतला. आजही आठवलं की जीव जातो.

यादीत माझं नाव नव्हतं. बहिणीला फोन केला तर म्हणाली, "बरं झालं बाई, या वयात कशाला तो ताप?" फोन ठेवून मी रडले.

दुसऱ्या दिवशी पाथर्डीकडची एक बाई आली. झोप लागत नाही म्हणाली. मी वय विचारलं.

"लिव्हा की साठ-पासष्ट, तुमाला वाटंल ते."

अशा वेळी मी चेहऱ्याकडे बघून आकडा टाकायची आणि मोकळी व्हायची. गुरुजींना काय बोलू, किती बायकांची वयं मीही अशीच ठोकून दिली होती. त्या दिवशी मात्र पेन खाली ठेवलं. लग्न कधी झालं, थोरला कधी झाला, तो आता केवढा, एकेक विचारत गेले. अर्धा तास गेला. बाई सत्तावन्नची निघाली.

"इतकं कुनी इचारलं न्हाई कदी," ती म्हणाली.

मी कागदावर सत्तावन्न लिहिलं आणि विचारलं, "रात्री घरात तुमच्याजवळ कोण असतं?"

"कुनी न्हाई. तुमच्याजवळ?"

समुपदेशकानं स्वतःचं सांगायचं नसतं. मी सांगितलं.