हिरडा आणि इटलीचे चार ग्लास

चेरी मी कधी खाल्लीच नव्हती. केकवरची ती लाल पाकातली गोळी सोडली तर. आणि पुण्याहून आम्हाला वाईन चाखायला शिकवायला येणारे सर प्रत्येक ग्लासात नाक घालून म्हणायचे, "चेरी. सुकं आलूबुखार. चामडं." आमच्यात चामडं कोण हुंगतं हो? मी वहीत करवंद, जांभूळ, ओलं गोणपाट असं लिहायची आणि ते लाल शाईनं खोडायचे. डोकं फिरायचं माझं.

जुन्नरजवळच्या एका वायनरीत मी लॅबला आहे. टाक्यांतली साखर मोजायची, आंबटपणा मोजायचा, नळ्या धुवायच्या. मालकांना इटलीसारखं लाल मिश्रण करायचं होतं. तिकडची सँजोवेजे द्राक्षं, त्यात थोडी कॅबर्ने, थोडी मर्लो. कशात किती घालायचं ते चाखून ठरणार, आणि चाखणाऱ्यांत कामगारांपैकी एकच जण घेणार, तोही सरांची परीक्षा देऊन. त्या जागेसाठी सहा महिने मी रोज उरलेल्या बाटल्यांतला घोट घोट चाखून थुंकत होते. मला ती जागा पाहिजे होती, बास.

परीक्षेच्या आधी दोन दिवस गावी गेले, घोडेगावच्या वर डोंगरात. खोकला घेऊनच गेले. आमच्याकडे हिरडा गोळा करूनच घर चालतं, त्यामुळे घसा धरला की हिरडा, पोट बिघडलं की हिरडा. आईनं मूठभर बाळहिरडा माझ्या ओढणीच्या टोकाला बांधून दिला. परीक्षेत खोकला नको म्हणून एसटीत बसल्यापासून एक गालात धरून चघळत आले आणि वायनरीच्या दारात थुंकला.

चार ग्लास, चारही इटलीची मिश्रणं. कमी तुरट ते जास्त तुरट असे लावायचे. तुरट म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहिला घोट मऊ, दुसरा मऊ, तिसरा गोडसर. चौथ्यापुढे मी "लोण्यासारखी" लिहिलं आणि सगळ्यात कमी तुरट म्हणून तोच आधी लावला.

सरांनी कागद बघितला, मग मला बघितलं. "ही चौथी जिभेची सालं काढते. तुम्हाला मऊ लागली?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. हिरड्यावर पाणी प्यायलं की पाणीसुद्धा गोड लागतं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मी सरांना खरं ते सांगून टाकलं. "हिरडा म्हणजे?" त्यांनी विचारलं. ओढणीची गाठ सोडून एक दिला. त्यांनी चघळला, तोंड वाकडं केलं, चौथ्या ग्लासातला घोट घेतला आणि बघतच राहिले. "कमाल आहे," म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

मी म्हटलं, सर, उद्या परत घ्या परीक्षा. "नियम सगळ्यांना सारखा," म्हणाले. वर उरलेला हिरडा पुण्याला न्यायला मागितला. मी दिलाही. का दिला, याचा राग मला अजून येतो.

जागा बाटल्या भरणाऱ्या विभागातल्या एकाला मिळाली.

संध्याकाळी नळ्या धुताना आईचा फोन आला. मी द्राक्षाच्या कारखान्यात आहे, एवढंच तिला ठाऊक.

"खोकला?"

"गेला."

"म्या म्हनलं व्हतं ना. हिरडा हाय का अजून?"

"संपला."

"येवढ्यात? आगं, लई चघळू नको. जिभंची चव जाती."

"बरं," म्हटलं, आणि पुढची नळी घेतली.