ओपांचा बाण आणि आईची खंडेनवमी

यंदा खंडेनवमीच्या सकाळी आमच्या झिंडेलफिंगेनच्या घरात भारत-जर्मनी युद्ध व्हायचं थोडक्यात टळलं…

आमच्या घरात खाली सासरे राहतात. मुलांचे आजोबा, म्हणून सगळ्यांचेच ओपा. वर मी आणि नवरा, दोघंही इंजिनियर, आणि मुलं. आणि यंदा तीन महिन्यांसाठी सांगलीहून आलेली माझी आई, जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेली.

ओपांना धनुष्यबाणानं शिकार करायचं वेड आहे. जर्मनीत त्याला बंदी, म्हणून दर ऑक्टोबरमध्ये ते डेन्मार्कला जातात. त्याआधी कित्येक आठवडे घरामागच्या सफरचंदांच्या बागेत सराव चालतो, तोही खऱ्या ब्रॉडहेडनं… म्हणजे शिकारीचं ब्लेडसारखं धारदार पातं लावलेल्या बाणानं. तिरंदाजीच्या क्लबात ती पाती चालत नाहीत, टार्गेटच्या चिंध्या होतात.

साधं टोक लावलेला बाण तुमची छोटी चूक पोटात घालतो. हे पातं नाही घालत. हात जरा थरथरला की बाण चालला भलतीकडे.

आणि यंदा हात थरथरत होता. वसंतात ओपांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी स्वतःलाच अट घातली होती, की निघायच्या दिवशी सकाळचा पहिला बाण हाताच्या पंजाएवढ्या वर्तुळात बसला तरच जायचं. चुकला तर शिकार बंद, कायमची. जनावर जखमी होऊन रानात तळमळत पडलं तर ते मला सोसणार नाही, म्हणाले.

झालं! म्हातारा हट्टाला पेटला. सकाळी बाण, दुपारी बाण, जेवण गार करून बाण… आणि नेम रोज आदल्या दिवसापेक्षा वाईट. मी सांगून पाहिलं, नवऱ्यानं सांगून पाहिलं, शेवटी आम्ही हात टेकले. आई खिडकीतून बघायची आणि पुटपुटायची, "अगो, व्याह्यांचा चेहरा बघ किती उतरलाय."

निघायच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. बाबांचं सांगलीत लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे आमच्याकडे या दिवसाचं कौतुक मोठं. मशीन धुऊनपुसून, हार घालून पुजायचं आणि दिवसभर बंद ठेवायचं. बाबा गेले तरी आईनं सोडलेलं नाही.

मी ऑफिसचा कॉल संपवून किचनमध्ये आले आणि कपाळाला हातच लावला. पाटावर माझी सुरी, किसणी, नवऱ्याचं ड्रिल मशीन… आणि मधोमध ओपांचं धनुष्य! केलरमधून, म्हणजे तळघरातून, गुपचूप आणलेलं. त्याला बाल्कनीतला झेंडू, हळदीकुंकू, पात्यांच्या डबीवर अक्षता, आणि शेजारी दणदणीत उदबत्ती.

आता हे समजून घ्या, की ओपा शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणानं धुतात. हरणाला वास लागू नये म्हणून आठवडाभर आफ्टरशेव्ह लावत नाहीत. आणि धनुष्याला मोगऱ्याची धुरी!

तेवढ्यात ओपा धनुष्य शोधत वर आलेच. बघून लालबुंद झाले. हात पुढे केला, तर आई पाटासमोर उभी राहिली. "त्यांना सांग, पुजलेलं हत्यार आज हलवायचं नाही. उद्या उत्तरपूजा झाली की घ्या म्हणावं. वर्षभर राबतं बिचारं, एक दिवस त्याला विसावा नको?"

मी सगळं जर्मनमध्ये सांगितलं, माझ्या पदरचं दोन-तीन वेळा सॉरी घालून. ओपांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "आल्झो… गूट, फ्राऊ जोशी." म्हणजे, बरं तर, ठीक आहे, जोशीबाई. आणि चक्क खुर्चीत बसले. आईनं पुरणपोळी वाढली, वर तूप. दुपारी सोफ्यावर घोरत होते हो! कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

दसऱ्याच्या सकाळी आईनं झेंडू उतरवून धनुष्य स्वतःच्या हातानं त्यांना दिलं. गवत ओलं होतं. आम्ही सगळे मागे उभे, मुलंसुद्धा. ओपांनी दोरी ओढली… थांबले… सोडली.

बाण वर्तुळाच्या बरोबर मध्ये. खांदा दमला होता हो, बाकी काही नाही! त्याला एक दिवस सुट्टी द्यायचं आमच्यातल्या एकाही इंजिनियरला जमलं नाही. ओपा वळले तेव्हा डोळे ओले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. आईनं त्यांच्या हातावर दही घातलं आणि आमचे ओपा सीमोल्लंघनाला निघाले.

आठवड्यानं परत आले ते रिकाम्या हातानं. रोज पहाटेपासून झाडावर बसले, पण हरीण म्हणून टप्प्यात आलं नाही. तरी स्वारी खुशीत! नेम शाबूत आहे, आता पुढच्या वर्षी नक्की, म्हणाले.

मी आईला हे सांगितलं तर ती पदराशी चाळा करायला लागली. म्हणाली, "त्यांना सांग, रागावू नका. मी देवीकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, व्याह्यांचा बाण सरळ जाऊ दे. आणि दुसरी… हरीण समोर येऊ देऊ नको."

मला हसू आवरेना. कसंबसं भाषांतर केलं. ओपा टेबल हलेपर्यंत हसले. म्हणाले, "पुढच्या वर्षीही पूजा करा, फ्राऊ जोशी. फक्त पहिलंच मागा."

आई म्हणाली, "बघू म्हणावं."

मी ओपांना सांगितलं, "या, गेनाऊ." म्हणजे, हो, अगदी तसंच. एकमेकांचा शब्दही न कळता एकमेकांना इतका जीव लावणारी ही दोन माणसं मला एकाच घरात मिळाली… त्यांच्यासाठी एवढं खोटं भाषांतर मी आनंदानं करीन.