धाकटीचा लॅपटॉप

पन्नाशी उलटली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. आईची जबाबदारी थोरल्या दादाने घेतली होती, म्हणजे फोनवर घेतली होती. आईला उठवायचं, बसवायचं, गोळ्या द्यायच्या, हे सगळं धाकटीकडे. त्यासाठी तिने ऑफिसची नोकरी सोडली आणि डॉक्टरांनी बोलून पाठवलेले रिपोर्ट घरी बसून टाइप करायचं काम धरलं. हेडफोन कानाला लावले की ती कुणाचीच धाकटी नसे. आईची हाकही ऐकू येत नसे, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

हिवाळ्यात तिचा लॅपटॉप तापायला लागला. खोलीत प्लग एकच, तोही आईच्या खाटेशेजारी. दुपारी टाइप केलेल्या फायली पाठवायला लावायच्या, लॅपटॉप स्टुलावर ठेवायचा आणि स्वयंपाकघरात जायचं, हा तिचा नेम. परत येऊन हात लावावा तर चटका बसायचा. मग एक दिवस बॅटरीने मान टाकली. चार्जर लावला की चालू, काढला की काळोख. त्यांच्याकडे वीज रोज जायची, आणि विजेबरोबर अर्धा रिपोर्टही जायचा. काम देणाऱ्या मॅडमनी दोनदा सांभाळून घेतलं. नंतर मात्र म्हणाल्या, "सोमवारपर्यंत दुरुस्त करा. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

दादाने फोनवरून अक्कल पाजळली. "गादीवर ठेवत असशील."

"नाही रे, स्टुलावर असतो."

"मग तुझंच काहीतरी चुकत असेल."

धाकटीने शेजारणीचा चार्जर लावून पाहिला. सगळं बंद करून बटण बराच वेळ दाबून धरलं. एक अख्खी सकाळ लॅपटॉप गार होऊ दिला. पडद्यावर तेच उत्तर: बॅटरी सापडत नाही. शेवटी तिने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, लॅपटॉप पालथा घातला आणि एकेक स्क्रू काढला. बॅटरी मधोमध टम्म फुगली होती. धाकटीने ती जपून काढून गॅलरीत नेऊन ठेवली. मग तिचं लक्ष आतल्या छोट्या पंख्याकडे गेलं. गरम हवा जायच्या फटीत लोकरीचा गच्च बोळा बसला होता. तिने चिमटीने ओढून काढला. जांभळा होता. घरात जांभळी लोकर एकच, आईच्या पायांवरच्या ब्लँकेटची.

"आई, माझा लॅपटॉप पांघरुणात घेत होतीस?"

"मी कशाला हात लावू तुझ्या मशीनला?"

धाकटीने बोळा पुढे धरला. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "पाय गार पडतात गं. गरम पाण्याची पिशवी गळते, नवी आण, किती वेळा सांगितलं तुला. तू नुसती मान हलवायचीस. कानात ते घातलेलं असायचं."

हे खरं होतं, म्हणूनच ते धाकटीला जास्त झोंबलं. तिचा आवाज चढला. "मग दादाला सांगायचं होतंस! त्याने पाठवली असती."

"त्याला कशाला उगाच त्रास?" आई म्हणाली.

आयुष्यभराचा हिशेब आईने किती सहज मिटवून टाकला होता!

त्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी मागवावी लागणार होती, आणि दुकानदार सोमवारचा शब्द द्यायला तयार नव्हता. मॅडम सोमवारी फार गोड बोलल्या आणि काम दुसऱ्या मुलीला देऊन मोकळ्या झाल्या. रात्री नेहमीप्रमाणे दादाचा फोन आला. "बरंच झालं की," तो म्हणाला, "आता आईकडे नीट लक्ष देता येईल तुला."

दुसऱ्या दिवशी धाकटीने नवी पिशवी आणली. पाणी तापवलं, पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळून आईच्या पायांशी ठेवली आणि जांभळं ब्लँकेट नीट खोचलं. आईने आतल्या आत बोटं हलवून पाहिली.

"बरी आहे," ती म्हणाली. "पण लवकर निवते गं. तुझं ते मशीन दुपारभर गरम राहायचं."

धाकटीने पिशवी काढून घेतली आणि पुन्हा पाणी तापत ठेवलं.