फाट्यावरचा चुन्याचा बाण

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. ठसका लागला तर आमची ही मलाच बोल लावेल.

तर आमचा बोईसरचा सायकलवाल्यांचा गट. सात जण. आठवडाभर कारखान्यात पाळ्या करायच्या आणि रविवारी सकाळी घट्ट चड्ड्या घालून सूर्या नदीच्या खोऱ्यात हिंडायचं. चिल्हार फाटा, मनोर, मासवण आणि मधले सगळे चढउतार. वयाने मी सगळ्यांत मोठा, बावन्न. आणि वेगाने? ते सोडा. चढ आला की मी खाली उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. लोकांना वाटतं मी दमतो. अहो, मी निसर्ग बघतो!

हे माझ्या मेहुण्याला पटत नाही. विनू, आमच्या हिचा धाकटा भाऊ. काटकुळा, पण चढावर माकडासारखा सरसर जातो. एका रविवारी मनोरला मिसळ खाताना तो सगळ्यांसमोर म्हणाला, "भावोजी, पुढच्या रविवारी रस्त्यात एकदा जरी चढावर पाय टेकलात ना, तर तुमची सायकल माझी!"

नवी कोरी सायकल होती हो. दोन वर्षं हिच्या मागे लागून घेतलेली. गप्प बसायचं ना? पण सहा जण बघत होते. मी म्हणालो, "कबूल!"

घरी येऊन सायकल तीनदा पुसली. म्हटलं, शेवटचीच.

पण थांबा! आमच्यात एक पद्धत आहे. दर रविवारचा रस्ता एकेकाने आखायचा. त्याने आदल्या दिवशी जाऊन फाट्याफाट्यावर चुन्याने बाण काढायचे, कारण खोऱ्यात उतरलं की फोनला रेंज नसते. आणि त्या रविवारी बाण काढायची पाळी कोणाची होती? माझी!

देव आहे हो, देव आहे.

शनिवारी स्कूटरवर चुन्याचा डबा आणि ब्रश घेऊन निघालो. असा रस्ता आखला, असा आखला, की चढ औषधालासुद्धा नाही. एखाद्या फाट्यावर टेकाड दिसलं की बाण दुसरीकडे. आणि प्रत्येक बाणाखाली झोकात सही: रमाकांत सावे. चित्रकार नाही का चित्राखाली नाव टाकत? मग मी का नको?

शेवटचा फाटा आला. तिथून डावीकडे एक अरुंद रस्ता सरळ डोंगरावरच्या पाड्याला चढतो. नुसतं बघूनच गुडघे दुखतील असा. उजवीकडे उतरलं की पाच मिनिटांत नदी, मोठं आंब्याचं झाड, थंडगार सावली. आमचा मुक्काम तिथे.

बघतो तर काय, फाट्यावर आधीच एक बाण काढलेला! चुना अजून ओला. टोक डावीकडे, डोंगरावर.

दुसरं कोण असणार? विनू! शनिवारी त्याला सुट्टी असते. मला त्या चढावर घालायचं आणि सायकल लाटायची. मी बाटलीभर पाणी ओतलं, बुटाने घासघासून तो बाण पुसला आणि उजवीकडे हातभर लांब बाण काढला. त्याच्याखाली नाव तर दुप्पट मोठं. परत येताना स्कूटरवर चक्क गात आलो.

रविवार उजाडला. सगळं सपाट, गुळगुळीत. विनूचा चेहरा मासवणपर्यंत पडत पडत गेला.

"भावोजी, चढ कुठाय?"

"येईल रे, येईल. घाई काय आहे?"

मासवणच्या पुढे त्याची सायकल पंक्चर झाली. सगळे थांबले. मी थांबलो का? छे! पहिला पोचायची संधी बावन्न वर्षांत पहिल्यांदा आली होती. "तुम्ही या निवांत," म्हटलं आणि दामटली.

फाटा आला. माझा बाण, माझं नाव. उजवीकडे वळलो. आणि नदीकाठी बघतो तर आंब्याखाली तीसचाळीस माणसं! नटलेल्या बायका, दोन पिकअप गाड्या, बेंजोवाले. मला बघताच एक फेटेवाले काका ओरडले, "आलं, आलं! मानूस आलं! वाजवा रे!"

आणि बेंजो सुरू!

आता तुम्हीच सांगा, माणसाला काय वाटेल? मला वाटलं, गटाने गुपचूप माझा सत्कार ठेवलाय. माझे डोळे भरून आले. मी सायकल झाडाला टेकवली, हात जोडले आणि खुर्ची नव्हती म्हणून दगडावर ऐटीत बसलो.

ते माझ्याकडे बघतायत. मी त्यांच्याकडे बघतोय. कोणी पुढे येईना.

शेवटी मीच म्हणालो, "जरा पाणी मिळेल का?"

फेटेवाले काका एकदम तडकले. "पानी? पानी आमी द्यायचं? तुमी द्यायचं! तासभर झालं बसलोय आमी. सरबत नाय, पानी नाय, बोलवायला कोण नाय! आन पाठवलं कोनाला, तर अर्ध्या चड्डीतल्या मानसाला?"

"मी कुठून देऊ? माझ्याकडे दोन केळी आहेत."

"केळी?" काकांचा फेटा हलला. "पोराचा सख्खा मामा हाय मी! माकुणसारवरून वऱ्हाड घेऊन आलोय, आन तुमी केल्यांवर भागवता?"

वऱ्हाड! तेव्हा कुठे मला एका पिकअपमध्ये पुढच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेला नवरा दिसला. बिचारा घामाने निथळत होता.

"लग्न कुठे आहे?" मी विचारलं.

"ते तुमी सांगायचं! मनोरकडल्या रस्त्यानं चुन्याचे बान धरून आलो. शेवटचा बान हितं आला. हितं ना मांडव, ना नवरी, ना फोनला रेंज. साडेअकराचा मुहूर्त हाय!"

तो ओला बाण! तो विनूचा नव्हताच. पाड्यावरच्या मांडवाचा होता. आधीचे बाण मनोरकडच्या रस्त्यावर, आणि मी आलेलो मासवणकडून; मला दिसणार कसे? मी लग्नाचा रस्ता पुसला होता, स्वतःच्या बुटाने!

घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं.

खरं सांगायचं होतं हो मला. पण मामांच्या मिशा बघून धीर झाला नाही. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "मला ठाऊक आहे मांडव. माझ्या मागे या!" आणि घाबरलेला माणूस करतो तसं, काही विचार न करता सायकलवर टांग मारली. पिकअपमध्ये बसता आलं असतं, हे फाट्यावर आल्यावर सुचलं. तोवर गाडी मागे चिकटली होती.

समोर तो चढ.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "सायेब, रस्ता बारीक हाय, चढावर थांबू नका! गाडीत वीस मानसं, मागं बेंजोची गाडी. तुमी थांबले तर माजी गाडी परत उचलनार नाय!"

म्हणजे पाय टेकायची सोयच नाही! सगळ्यांत हलका गिअर टाकला. पहिल्या वळणावर घशाला कोरड. दुसऱ्या वळणावर कानात शिट्ट्या. मागून हॉर्न, त्यामागे बेंजो, आणि गाडीतल्या बायका ओरडतायत, "चला भाऊ, चला! मुहूर्त टळंल!" मनात एकच, आज ह्या पोरीचं लग्न मोडलं तर ते माझ्यामुळे. अहो, जो माणूस पुलाच्या चढावर निसर्ग बघतो, तो उभा राहून पॅडल मारत होता!

तेवढ्यात खाली फाट्यावर आमचा गट पोचला. विनूने वर बघितलं. पुढे मी, मागे नवरदेव, त्यामागे बेंजो. त्याची हाक मला वरपर्यंत ऐकू आली.

"भावोजीऽऽ! हे काय चाललंय?"

उत्तर द्यायला श्वास कुठे होता? शेवटचं वळण घेतलं आणि मांडव दिसला. पाय टेकला नव्हता. एकदाही नाही! मी मांडवाच्या दारात जाऊन अक्षरशः आडवा झालो आणि ओरडलो, "वऱ्हाड आलं!"

नवरीचे वडील खांबाला धरून उभे होते, पांढरेफटक. हळदीला मानपानावरून थोडी बाचाबाची झालेली. त्यांना वाटलं, सोयरे रुसून माघारी गेले. गाडी दिसली तसे त्यांनी मला उचलून मिठीच मारली. "भाऊ, माजी इज्जत राखलीत तुमी!" म्हणाले आणि रडायलाच लागले. मीही रडलो. त्यांना वाटलं, आनंदाने.

मुहूर्त साधला. अक्षता पडल्या. तोवर विनू आणि मंडळीही धापा टाकत वर आली होती. आणि मग नवरीच्या वडिलांनी हट्टच धरला, ह्या देवमाणसाचा मान करायचा. मला खुर्चीत बसवलं, टोपी घातली, उपरणं दिलं, हातात नारळ. मी कसा दिसत होतो? वरून लग्नाचा, खालून सायकलचा.

पण छाती अशी फुगली होती म्हणता! विनूकडे बघून मी भुवई उडवली. त्याने मुकाट्याने हात जोडले.

एवढ्यात मामा म्हणाले, "खालचा बान कोनी फिरवला, तो मला एकदा भेटला पायजे."

मला गप्प बसता आलं असतं. नाही बसलो. टोपी सरळ करत म्हणालो, "असतील कोणी टवाळ पोरं. जबाबदारी म्हणून नाही हो हल्लीच्या लोकांना."

"पोरं कसली?" ड्रायव्हर म्हणाला. "बानाखाली मोठं नाव लिवलंय की."

आणि नेमक्या त्याच क्षणी माइकवाल्याने, विनूला विचारून घेतलेलं माझं नाव, डोंगर दणाणेल अशा आवाजात पुकारलं, "तर मंडळी, टाळ्या वाजवा! बोईसरचे श्री. रमाकांत सावे!"

टाळ्या एकट्या ड्रायव्हरने वाजवल्या. त्याही सावकाश.

विनू हळूच माझ्या कानाशी आला. "भावोजी, पाय टेकला नाहीत. सायकल तुमचीच. आता तिच्यावर बसा आणि पळा!"

पळू कुठे? मामा दारात उभे. पण नवरीचे वडील माणूस मोठा. ते पोट धरून हसले. मामाही शेवटी हसले. मग वडिलांनी मांडवामागून चुन्याचा डबा आणून माझ्या हातात ठेवला.

"जेवनाचे पाव्हने अजून यायचेत, भाऊ. खाली जावा, बान नीट काढा आन मग वर येऊन जेवा." मी निघालो, तसे मागून ओरडले, "आन ह्या टायमाला नाव नका टाकू!"

उतरलो. बाण काढला. नाव नाही टाकलं. आणि पंगत गाठायला तोच चढ पुन्हा!

दुसऱ्यांदा तो कसा चढलो म्हणता? मागे गाडी नव्हती, बेंजो नव्हता, आणि निसर्ग तर फारच सुंदर होता हो. विनूला तेवढं सांगू नका.