श्रीरंगपट्टण, मेलुकोटे आणि अक्काचे तीन दिवस

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मला इकडे कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या शाळेत नुकती नोकरी लागली होती आणि नाताळची सुट्टी होती. घरी भाऊ अण्णा, वहिनी, मी आणि आमची थोरली बहीण अक्का. अक्का विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, त्यालाही चौदा वर्षं झाली होती. धारवाडच्या एका लांबच्या काकांची बायको अंथरुणाला खिळली होती आणि घर सांभाळायला त्यांना कोणीतरी हवं होतं. अक्काला महिनाअखेर पाठवतो, असं अण्णाने त्यांना परस्पर कळवून टाकलं होतं. अक्काने ट्रंक आवरायला घेतली. मीच म्हटलं, "जायच्या आधी तिला तीन दिवस फिरवून आणते." अण्णा म्हणाला, "सरी, ठीक आहे, जा."

पहाटेच्या म्हैसूर गाडीने निघालो. मद्दूरला खिडकीतून वडे घेतले, कांदा घातलेले, चपटे आणि कुरकुरीत. मी एका जागी तीन खाल्ले. अक्काने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "यात रवा आहे गं." पुढची दहा मिनिटं ती त्या वड्याचं प्रमाण शोधत बसली.

श्रीरंगपट्टणला उतरलं की किल्ला समोरच. गाव एवढंसं, चालत फिरून होतं. आधी रंगनाथाचं दर्शन घ्या, मग टांगा करून दर्या दौलत बागेत जा. तिथल्या महालाच्या भिंतींवर लढाईची चित्रं आहेत: घोडे, हत्ती, शेकडो शिपाई. मी दहा मिनिटांत बाहेर आले. अक्का तासभर आत. शेवटी पहारेकरी हसत कानडीत म्हणाला, "अम्मा, शिपाई मोजताय का?"

"नाही रे," अक्का त्याच्याच भाषेत म्हणाली, "हा लाल रंग कशाचा असेल, ते बघतेय."

रात्री धर्मशाळेत राहिलो. दुसऱ्या दिवशी पांडवपुराहून मेलुकोट्याची बस मिळाली. रस्ता खडीचा, दोन्हीकडे ऊस, आणि कंडक्टर प्रत्येक थांब्यावर उतरून कोणाशी तरी गप्पा मारणार! पोहोचायला दुपार झाली. पण तिथली पुळियोगरे, तो चिंचेचा भात, खाल्ल्यावर सगळा शीण गेला. मोठ्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर स्वल्प बसून ऊन उतरू द्या, मगच नरसिंहाच्या टेकडीवर चढा.

वर वारा जोरात होता. खाली गाव, तळी, लांबवर शेतं. अक्का कठड्याला टेकून उभी राहिली.

"मालू, मला धारवाडला जायचं नाही."

चौदा वर्षांत तिच्या तोंडून 'मला नको' असं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी म्हटलं, "मी बोलते अण्णाशी."

"तू काय सांगशील? इथे माझं काय काम आहे, असं तो विचारेल. त्याचं उत्तर मला तरी कुठे माहीत आहे?"

 अंधार पडायच्या आत आम्ही खाली उतरलो.

तिसऱ्या दिवशी परतीच्या बसचं चाक चन्नपट्टणला पंक्चर झालं. दुरुस्तीला दोन तास लागणार होते, म्हणून गावात शिरलो. गल्ल्यागल्ल्यांतून लाकडी खेळणी बनत होती. करीमसाब नावाचे एक म्हातारे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवत होते. घर्षणाने लाख वितळायची आणि लाकडावर पिवळा पट्टा उमटायचा. मग केवड्याचं पान दाबलं की तो आरशासारखा चकाकायचा. अक्काने विचारलं, "मी करून बघू?" त्यांनी सरकून जागा दिली. पहिला पट्टा फिसकटला. दुसराही. तिसरा सरळ आला, तेव्हा करीमसाबांनी तो उजेडात धरून पाहिला.

"हात थिर आहे तुमचा, अम्मा. सोमवारपासून बायकांसाठी वर्ग सुरू करतोय. आठवड्याला तीन दिवस. याल?"

अक्काने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "येईन," म्हणाली.

घरी पोहोचलो तेव्हा अण्णा जेवायला बसला होता. मी बोलणार होते. पण अक्काच पुढे झाली.

"अण्णा, मी धारवाडला जाणार नाही. चन्नपट्टणला काम शिकायला जाणार आहे."

वहिनी वाढता वाढता थांबली. अण्णाने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "काकांना मी शब्द दिलाय, अक्का."

"मला न विचारता दिलास."

अण्णाने मान खाली घातली. "चुकलंच माझं," तो हळूच म्हणाला. "उद्या पत्र टाकतो."

आता नवा महामार्ग या गावांना बाहेरूनच वळसा घालतो. तुम्ही जुन्या रस्त्याने जा. पुढे मी काशी पाहिली, काश्मीर पाहिलं, पण प्रवास म्हटलं की मला हेच तीन दिवस आठवतात. त्या सोमवारी अंधार असतानाच अक्का चपला घालत होती. "स्टेशनपर्यंत येते," मी म्हटलं.

"कशाला?" ती म्हणाली. "झोप तू. मी जाते."

आणि गेली.