भाचीच्या डबीला ‘लई बेस’

परंड्याचे माझे बब्रुवानमामा शिडीवर चढले की पेचकस दातांत धरायचे आणि तसेच बोलत राहायचे. ते वायरमन होते. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं निम्मं कळायचं नाही, तो नुसता “व्हय, व्हय” करायचा. मला तर मामा खाली उतरल्यावरही पुरते कळले नाहीत.

मी पुण्याला हत्यारं बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइन करते. पेचकसाची एक मूठ, तिला बदलून लावायची टोकं, ती ठेवायची डबी आणि वरचं पुठ्ठ्याचं खोकं. हे सगळं वापरायला सोपं करायचं काम माझ्याकडे आलं. माझं पहिलंच स्वतंत्र काम. एकदा साचा पाडला की बदल नाही. म्हणून नमुना आधी मामांना दिला. रोज हत्यार धरणारा माणूस घरातच असताना बाहेर कशाला शोधायचा?

“लई बेस!” मामा म्हणाले. डबीवरचे टोकांच्या मापांचे आकडे मोठे करून नेले, “लई बेस!” रंग बदलले, तरी तेच. टोकं मात्र त्यांच्या जुन्या पोळ्यांच्या डब्यात खुळखुळत असायची. डबी एवढी बेस आहे, तर तिच्यात काहीच का नाही? माझं डोकं चालेना.

खंडेनवमीला मुद्दाम गेले. मामांनी पाटावर हत्यारं मांडली होती आणि मधोमध माझी डबी. तिला सगळ्यांत जास्त हळदकुंकू! माझे मोठे केलेले आकडे त्याखाली गडप झाले होते.

“मामा, त्रास काय होतो तेवढं सांगा हो,” मी काकुळतीला आले.

“तरास कसला? लई बेस हाय.”

मामींना राहवलं नाही. “काय बेस? खोकं म्या इळीनं कापलं. अन् डबी उघडाया दोन हात लागत्यात. ह्यांचा एक हात शिडीला असतोय, मग दुसरा आणायचा कुठनं?”

मामा खवळले. “गप गं! भाचीच्या हातच्या वस्तूला नावं ठिवायची असत्यात व्हय?”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. भाचीचा मान राखायचा म्हणून हा माणूस बिनदिक्कत खोटं बोलत होता, आणि मी त्यालाच परीक्षक नेमलं होतं! रागवावं की पाया पडावं, तेच कळेना.

मग अंगठ्यानं सरकणारं झाकण केलं. खोक्याला ओढून फाडायची पट्टी लावली. नमुना हातात आला आणि मामा झोपेतच गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मी तो नमुना मामींपुढं ठेवला. साचा अजून पाडायचा होता. “मामी, तुम्ही तरी खरं सांगा. काही चुकलंय का?”

मामींनी एका हातानं पदर डोळ्यांना लावला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी डबी उचलली. अंगठा सरकवला. झाकण उघडलं.

“लई बेस हाय, माय,” त्या म्हणाल्या.

हे मामी बोलल्या की मामा, मला अजून कळलेलं नाही. साचा तसाच पाडून घेतला.