मामाचं राखीव ढोपर

स्वतःची दुखणी मुलीसाठी राखून ठेवणारा बाप उभ्या गोव्यात एकच झाला, आणि तो माझा मामा. लोक मुलींसाठी सोनं करतात. मामाने ढोपर, खोकला, डाव्या कानातली शिट्टी आणि जेवणानंतरचा एक गूढ ढेकर एवढी इस्टेट केली होती. माझी मामेबहीण रशियाला डॉक्टरकी शिकायला गेली त्याच दिवशी त्याने आमच्या साखळी गावच्या बाजारात जाहीर करून टाकलं, की यापुढे आपण दुसऱ्या डॉक्टरची पायरी चढणार नाही, तिचा पहिला पेशंट आपणच. पुढे दाढ दुखली तेव्हा मात्र तो बिनदिक्कत काढून आला. "दांत तिच्या अभ्यासांत येनात," म्हणाला.

मामा साखळी-पणजी बस चालवायचा. क्लच दाबला की डावं ढोपर कळवळायचं आणि मामा "आवय गे!" करायचा. रोजचे प्रवासी त्या कण्हण्यावरून गिअर ओळखत. एखादी नवखी बाई घाबरून म्हणे, "अहो, डॉक्टरला दाखवा ना." त्यावर मामा आरशातून हसून सांगायचा, "डॉक्टर रशियेंत आसा. येतली." अख्खी बस मान डोलवायची.

ती आली, डिग्री घेऊन आली, आणि मग कळलं की परदेशात शिकून आलेल्याला इथे आधी एक चाळणी परीक्षा द्यावी लागते, मग इंटर्नशिप, मग नोंदणी. तोवर साधी गोळीसुद्धा लिहून द्यायची सोय नाही. दुसऱ्या बापाने कायद्याच्या नावाने बोटं मोडली असती. मामा कायद्याचा शिपाई झाला. शेजारपाजारची माणसं पोटं आणि पाठी घेऊन अंगणात येऊ लागली, तसा तो पायरीवर आडवा उभा राहून ओरडायचा, "थांबा! ती अजून डॉक्टर ना. ती फकत हुशार आसा!"

एकदा तो स्वतः तापाने फणफणला. मामेबहिणीने कपाळाला हात लावला तर हा ताडकन उठून बसला. "हात काड गो, बाय! नोंदणी जावंक ना!"

मामी चुलीपुढून कडाडली, "बापायच्या कपाळाक हात लावपाक खंयचें लायसन्स लागता?"

मामाने यावर बराच विचार केला आणि परत आडवा झाला. "लेक म्हणून लाय. पूण ताप कितलो तें सांगूं नाका."

शेवटी मामीनेच त्याला सातेरीच्या देवळात कौल घ्यायला ओढत नेलं. गुरवाने देवीच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं: याने दुसऱ्या डॉक्टरला ढोपर दाखवावं असं असेल, तर आई, उजवी पाकळी दे. गाऱ्हाणं पुरतं संपायच्या आत उजवी पाकळी टपकन पडली. मामा तिच्याकडे बघत राहिला आणि हळूच गुरवाला म्हणाला, "परत लाय. देवीक परिक्षेचें कोणें सांगूंक ना." परत लावली, परत उजवीच पडली. मग मात्र मामाने हात जोडले. "तुजें बरोबर, आई. पूण बायचें कितें?" आणि लंगडत घरी आला. साक्षात देवीने दिलेली डॉक्टरची अपॉइंटमेंट मोडणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

चाळणी परीक्षेत पहिल्या खेपेला ती थोडक्या गुणांनी नापास झाली. दार लावून बसली, जेवायलाही उठेना. मामी रडत होती. मामा दारापाशी गेला, टकटक केली आणि अगदी सहज म्हणाला, "बाय, कसलीच घाई ना गो. ढोपर आनीकूय दुखपाक तयार आसा." आतून हुंदक्यातून फुटलेलं हसू ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तकं परत काढली.

ती पास झाली त्या दिवशी मामाने पणजीपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. मग इंटर्नशिप झाली, नोंदणी झाली, पेडण्याकडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. पहिल्याच सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्कूटरवर मागे बसला. बाप असूनही त्याने केसपेपर काढला, रांगेत बसला, आणि पुढे घुसू पाहणाऱ्या एका मोरजीकराला दम भरला.

आम्ही दोघे आत गेल्यावर तिने ढोपर दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं, परत परत पाहिलं. हाडावर हाड घासत होतं. औषधाने भागेल असं त्यात काही उरलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरची डॉक्टरीण कुठल्या कुठे गेली.

"आदीं दाखयलें आसतें जाल्यार इतकें जावचें नासलें, बाबा," ती म्हणाली. "इतलीं वर्सां कित्याक थांबलो तूं?"

मामा गोंधळला. इतकं उघड उत्तर हिला कसं कळत नाही, असं त्याला वाटलं असावं.

"तूंय थांबलेली न्हय गो? तुका एकटेक कशें थांबूंक सोडचें?"

ती त्याच्या ढोपरावरचा हात काढीना. बाहेर रांग खोळंबली होती. मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही कधी वाटली नव्हती.